न वाळणारे पट्टे

काकूला आमच्या गल्लीत सगळे भिंगरी म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, एवढी अक्कल गल्लीला आहे. या बाईने चहाचा कप घेऊन एका जागी बसून तो संपवलाय, असं मी पाहिलेलं नाही. एक घोट ओट्यापाशी, दुसरा खिडकीत, तिसरा मागच्या शेडमध्ये, आणि मग कप कुठे ठेवला म्हणून घरादाराला कामाला लावायचं. मी तिची पुतणी. धक्क्यावर बोटीच्या तिकीटखिडकीत नोकरी करते, काकूच्या वरच्या खोलीत राहते आणि सुट्टीच्या दिवशी तिचे कप शोधते.

काकूचा धंदा सांगितला की लोक आधी हसतात. ओहोटीला किनाऱ्यावर जे शेवाळ येऊन पडतं ते ती गोळा करते आणि त्यापासून दिव्यांच्या शेड, पडदे आणि खोलीत आडोशाला उभी करायची तावदानं बनवते. शेवाळ म्हणजे पायरीवरून माणसाला पाडणारं ते हिरवं बुळबुळीत नव्हे. ही खोल पाण्यातली पानं, वीतभर रुंद, माणसाहून लांब आणि चामड्यासारखी जाड. घरात त्यांना पट्टे म्हणतात. कापून आणायचे नाहीत, समुद्राने आपणहून टाकलेलेच उचलायचे, हा माझ्या काकाने घालून दिलेला नियम. ते गोड्या पाण्याच्या तीन टबांतून धुवायचे, बोथट सुरीने चिकटा खरवडायचा, वाळल्यावर तडकू नयेत म्हणून ग्लिसरिनमध्ये भिजवायचे आणि ओले असतानाच लाकडी चौकटीवर ताणून चिमट्यांनी पक्के करायचे. नीट वाळलेल्या पट्ट्यातून उजेड आला की खोलीभर मधाचा रंग पसरतो. हसणारे लोक तो रंग बघून गप्प होतात आणि मला उगाचच बरं वाटतं.

पण ताणणं हे एकट्यादुकट्याचं काम नाही. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं आणि एकाच क्षणी, एकाच जोराने ओढायचं. एकाचा जोर जास्त झाला की वाळताना पट्टा त्या बाजूला आक्रसतो आणि अख्खी चौकट पिळवटून टाकतो. पूर्वी काका आणि काकू ओढायचे. काका गेल्यावर त्याच्या जागी आत्या उभी राहिली. आत्या म्हणजे काकाची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर पदरात लहान मुलगी घेऊन ती या घरात आली. मुलगी लग्न होऊन लांबच्या शहरात गेली, आत्या इथेच राहिली.

दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. सुरी कुठे ठेवली इथपासून काकाचा स्वभाव कोणाला जास्त कळला होता इथपर्यंत कशावरूनही जुंपायची. काकू भांडतानाही रीत सोडत नाही. ‘‘वन्सं, तुम्हाला काडीची अक्कल नाही,’’ असं ती पूर्ण मान राखून म्हणते. आत्या तिला ‘वहिनी’ म्हणते आणि मान वगैरे काही राखत नाही. पण चौकटीपाशी उभ्या राहिल्या की दोघींची तोंडं बंद होतात. एक-दोन-तीन म्हणावं लागत नाही. पट्टा हातात येतो, दोघी एकदम मागे झुकतात, झालं. मी एकदा आत्याच्या जागी उभी राहून बघितलं. ती चौकट अजून शेडच्या कोपऱ्यात आहे, वाकडी, आणि कोणीही आलं की काकू मुद्दाम ती दाखवते.

काकूबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. ती मागत नाही. हुकूम सोडते, टोमणा मारते, नाहीतर स्वतः करून मोकळी होते. ‘मला जरा मदत करशील का’ हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलेलं नाही. काका गेला त्या दिवशी लोक भेटायला आले, तेव्हा ही मागे टब घासत होती. शेजारीण म्हणाली, काही लागलं तर सांग. काकू म्हणाली, ‘‘या टबाला झाकण लागतं.’’ मला तिचा तेव्हा राग आला होता. आताही येतो, पण आता त्यात काळजी मिसळलेली असते, त्यामुळे धड रागावताही येत नाही.

तर या घरात एका सकाळी आत्याने पावाला लोणी लावता लावता सांगितलं, ‘‘दातांच्या डॉक्टरीणबाईंची तावदानं झाली की मी निघते. पोरीचे दिवस भरत आलेत. घरात दुसरं माणूस नाही.’’

‘‘परत कधी येणार?’’ मी विचारलं.

आत्या काकूकडे बघत म्हणाली, ‘‘परत कसली? जावई महिन्यातले तीन आठवडे बाहेर. मूल काय शेजारी सांभाळणार?’’

मी पण काकूकडे बघितलं. आत्या गेली की ओढायला कोणी नाही, म्हणजे काम बंद. आणि काम बंद झालं तर ही बाई या घरात दिवसभर करणार काय, ते मला सुचेना. काकू उठली. म्हणाली, ‘‘जा की. मी काय दोरीने बांधून ठेवलंय?’’ आणि ओहोटी लागली का ते बघायला बाहेर पडली. ओहोटीला अजून अर्धा दिवस होता, आणि हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

डॉक्टरीणबाईंना दवाखान्यात बसायच्या जागेपुढे उभी करायला तावदानं हवी होती, म्हणजे आतली खुर्ची बघून पेशंट पळून जाणार नाहीत. पट्टे धुतले, भिजवले, दोघींनी ताणले. एरवी शेडच्या खिडक्या उघड्या ठेवल्या की आठवड्याभरात ते ताठ वाळतात, टिचकी मारली की वाजतात. या वेळी वाळेनात. मधे पोक येऊन लोंबायला लागले. हात लावला की गार, चिकट.

काकूने आधी हवेला दोष दिला. मग ग्लिसरिन पातळ दिलं म्हणून केमिस्टच्या नावाने ओरडली. मग मी खिडकी लावली म्हणून मला धारेवर धरलं, ती मी लावलीच नव्हती. दिवसभर घरातून शेडमध्ये आणि शेडमधून घरात. भांडं घासायला घ्यायची आणि अर्धवट टाकून उठायची. रात्री तिच्या चपला खाली वाजत राहायच्या आणि वर मला झोप लागायची नाही. आत्या फोनवर मुलीला रोज सांगायची, ‘‘झालंच गं, वाळले की निघते.’’ तिची बॅग अर्धी भरून पलंगाखाली पडलेली. तिला निघता येईना आणि थांबली असंही म्हणता येईना. घरात तिघी जणी आणि तिघींचा जीव टांगणीला.

माझ्या सुट्टीच्या दिवशी आत्या बाजारात गेली होती. मी कप शोधत शेडमध्ये गेले. काकू एका तावदानापाशी वाकून पट्ट्यावरून स्पंज फिरवत होती. पायाशी बादली. बादलीच्या तळाला वाळू होती.

मला कळायला वेळ लागला नाही. पट्टे एवढे धुतात ते त्यातलं मीठ निघावं म्हणून. मीठ राहिलं की ते हवेतली ओल खेचून घेतं आणि पट्टा जन्मात ताठ होत नाही. या घरात हे न कळणारं माणूस नाही. आणि काकू रोज किनाऱ्यावरून समुद्राचं पाणी आणून ताणलेले पट्टे पुसत होती.

‘‘धूळ बसलीये,’’ काकू म्हणाली.

‘‘खाऱ्या पाण्याने धूळ पुसतात?’’

‘‘तू तुझी तिकिटं फाड.’’

माझं डोकंच फिरलं. ‘‘काकू, हे काय चालवलंयस? आत्या जाऊ नये असं वाटतं ना? मग सांग ना तिला तसं!’’

‘‘मी कोण सांगणार? पोटची पोर वाट बघतेय तिची.’’ ती बोलत होती आणि हात थांबत नव्हता. ‘‘पोरीला सोडून माझ्यासाठी थांबा म्हणू? कोणत्या तोंडाने?’’

‘‘आणि हे करताना ते तोंड कुठे गेलं होतं?’’

काकूने स्पंज बादलीत टाकला. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी सांगू शकते, भीती होती. ती मी आधी तिथे कधी पाहिली नव्हती. संध्याकाळपर्यंत तू आत्याला सांग, नाहीतर मी सांगते, असं बजावून मी वर निघून गेले आणि वर जाऊन काकूसारख्याच येरझारा घालत बसले.

संध्याकाळपर्यंत थांबावंच लागलं नाही. आत्या बाजारातून आली तोच मुलीचा फोन, तो तिने स्पीकरवर घेतला. सकाळी पोटात कळा आल्या, एकटीच दवाखान्यात गेली, खोट्या कळा म्हणून परत पाठवलं. हे सांगता सांगता ती रडायला लागली. मला ते जिन्यावरून ऐकू येत होतं, काकूला ओट्यापाशी ऐकू येत होतं. आत्याने फोन ठेवला, पिशवी तिथेच जमिनीवर सोडली आणि तडक शेडमध्ये गेली. आम्ही दोघी मागोमाग.

मीठ निघालं का ते आमच्याकडे जिभेने बघतात, पण तिसऱ्या टबानंतर. ताणलेल्या पट्ट्याला कोणी जीभ लावत नाही, कारण ती शंका घेण्याचं कारणच नसतं. आत्याने लावली. मग दुसऱ्याला. मग तिसऱ्याला. तिने सगळी तावदानं चाखली.

मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. सुरीवरून तास तास भांडणाऱ्या या बायका, आज तर कारणही खरं होतं. आत्या वळली आणि काकूकडे बघत राहिली. काकू बादलीकडे बघत होती. ‘‘टब भर,’’ आत्या म्हणाली. एवढंच.

काकूने टब भरले. दोघींनी चिमटे काढून सगळे पट्टे उतरवले आणि पुन्हा पहिल्यापासून धुवायला घेतले. घेतलेलं काम पुरं करूनच निघायचं, हे आत्याचं ठरलेलं होतं. दुसरा दिवसही त्यातच गेला. ‘वन्सं’ नाही, ‘वहिनी’ नाही, सुरीवरून एक शब्द नाही. मला त्यांची भांडणं परत हवी होती. पुन्हा ताणायला उभ्या राहिल्या तेव्हा मी दारातून बघत होते. दोघी एकदम मागे झुकल्या, जराही पुढेमागे नाही. पुढचे दिवस ऊन चांगलं पडलं आणि वारा सुटला. पट्टे असे वाळले की डॉक्टरीणबाईंची माणसं न्यायला आली ती टिचक्याच मारत बसली.

आत्या निघायच्या दिवशी काकू शेडमध्येच होती, टब घासत. मी बॅग टॅक्सीत ठेवली. आत्या दारापर्यंत गेली, परत आली आणि शेडच्या उंबऱ्यात उभी राहिली.

‘‘येते मी, वहिनी.’’

काकू टब घासत राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, ‘‘वन्सं, थांबा.’’

बाहेर टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला. मी त्याला हाताने गप्प केलं.

‘‘आता?’’ आत्या म्हणाली.

‘‘आता थांबता येणार नाही, मला कळतं. थांबूच नका. पण मी म्हणाले.’’

आत्या दाराच्या चौकटीला टेकली. ‘‘पोरीनेच विचारलं होतं मला. सातव्या महिन्यात. आई, बाळंतपणाला तिकडेच येऊ का, मामीच्या घरी, मी वाढले तिथे? मूल झाल्यावरही तिकडेच राहीन म्हणाली, हे इथे नसतातच. मी नको म्हटलं. म्हटलं, वहिनीला कामात खोळंबा होईल, तिला रडणारं पोर झेपायचं नाही, तिने कधी कुणाला ये म्हटलंय? आता डॉक्टर तिला गाडीतही बसू देत नाहीत.’’

काकू वळली. हातातला ब्रश तसाच. काहीतरी म्हणायला तिने तोंड उघडलं, पण आत्याने डोळे पुसले, ‘‘उशीर होतोय’’ म्हणाली आणि जवळजवळ धावतच गेली. टॅक्सीचं दार लागलं. काकू घरातून पुढच्या दारापर्यंत आली तेव्हा गाडी वळणापाशी पोचली होती.

‘‘मला हवा होता तो खोळंबा,’’ काकू म्हणाली. रिकाम्या रस्त्याला म्हणाली, आणि मोठ्याने. ‘‘मला तोच हवा होता.’’

समोरच्या शेजारणीने खिडकी उघडून पाहिलं. मी फोन काढला आणि आत्याला लावला. काकू काय म्हणाली ते एकही शब्द न गाळता सांगितलं. 

‘‘तिला दे,’’ आत्या म्हणाली.

काकूचे हात कोपरापर्यंत ओले होते. मी फोन तिच्या कानाला लावून धरला आणि दुसरीकडे तोंड करून उभी राहिले.