कानातला साहेब

फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि दुबईत सिक्युरिटी गार्ड म्हणून आलो. माझ्या पाठोपाठ माझ्याच पलटणीतला नाईक यशवंत घाग आला. खेडजवळचा माणूस. तो हसला की सगळी बॅरेक जागी व्हायची. इंटरनॅशनल सिटीत एका खोलीत आम्ही सहा जण राहायचो, सगळे माजी सैनिक. एका अर्धवट टॉवरवर ड्यूटी होती. मग २००८ची मंदी आली. क्रेन होत्या तिथेच थांबल्या, मजूर गेले आणि पहारा द्यायला वाळूशिवाय काही उरलं नाही.

पासपोर्ट कंपनीच्या ताब्यात. काम नाही, तिकीट नाही, आणि दुसरीकडे नोकरी धरायची तर कंपनीचं एनओसी नाही. धड इकडे ना तिकडे, असे बसून होतो. एक दिवस कॅम्प बॉस खोलीत आला.

"एक्स-आर्मीवाले कौन कौन? टेस्टिंग का काम है. एक महिना. उसके बाद पासपोर्ट और टिकट, इन्शाल्ला. यल्ला, गाडी खडी है."

घाग म्हणाला, "उस्ताद, टेस्टिंग म्हणजे काय असणार? रक्त काढतील, वजन करतील. आपलं काय जातंय?"

आता तुम्ही सिव्हिलियन लोक विचाराल, काही न विचारता गेलात कसे? अहो, फौजी माणसाला गाडीत बस म्हटलं की तो बसतो. गाडी कुठे चालली, हे विचारायची त्याची सवय आम्हा उस्तादांनीच मोडलेली असते.

दुबईबाहेर, खलिफा सिटीच्या पलीकडे एक पत्र्याचं गोदाम होतं. खिडकी एकही नाही. बाहेरून कुलूप. आत एसी आणि कधीच न विझणारे दिवे, त्यामुळे दिवस की रात्र, कळायला मार्ग नाही. एक परदेशी डॉक्टर आणि त्याचा हिंदी बोलणारा असिस्टंट, एवढीच माणसं. मी विचारलं, काम कुणाचं आहे? असिस्टंट म्हणाला, "सरकारी काम है. सवाल नहीं." कुठलं सरकार, ते मला आजतागायत कळलेलं नाही. ज्या देशात होतो तिथलं नसावं, कारण अरब माणूस त्या गोदामात मला एकदाही दिसला नाही.

पहिल्या दिवशी डॉक्टरने विचारलं, पहारा कसा देता? घागची छाती फुगली. त्याने संतरीची, म्हणजे पहारेकऱ्याची, अख्खी ड्रिल करून दाखवली. संतरी पोस्ट सोडत नाही. गार्ड कमांडर बदली, म्हणजे नवा संतरी, घेऊन येतो, जुना त्याला चार्ज देतो, 'सब ठीक है' म्हणतो, मगच हलतो. "माँ मर जाए तो भी नहीं हिलेगा," असं वरून ऐकवलं. असिस्टंट भाषांतर करत होता, डॉक्टर माना डोलावत होता. मलाही बरं वाटलं. कळू दे म्हटलं ह्यांना, फौज काय चीज असते.

दुसऱ्या दिवशी तीच ड्रिल आमच्या कानात आली.

प्रत्येकाच्या कानात एक यंत्र बसवलं. त्यातून जाड, संथ आवाज यायचा, थेट एखाद्या सुभेदारसाहेबासारखा. सकाळी दोन गोळ्या. "संतरी, सावधान." दारासमोर उभं राहायचं. डोळा लागला की कानात शिट्टी, मेंदूला भोक पडेल अशी. "पानी पी." प्यायचं. "बैठ." बसायचं. ऐकलं की शिट्टी बंद आणि आवाज म्हणायचा, "शाबाश, जवान." त्या एका शाबाशकीसाठी आम्ही सहा मिशावाले गडी लाळ गाळत होतो. थू आमच्या जिंदगानीवर!

मग खेळ बदलला. असिस्टंट समोर येऊन म्हणायचा, बस. कान म्हणायचा, उभा राहा. कानाचं ऐकलं तर पाणी, माणसाचं ऐकलं तर शिट्टी. शेवटी आम्हालाच एकमेकांवर घातलं. मला सांगितलं, घागला जेवायला बोलव.

"घाग, चल, डाळ-भात आलाय."

त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. दोन बोटं कानावर ठेवली आणि वाट बघत उभा राहिला.

त्या दिवसापासून मी गोळ्या जिभेखाली धरून संडासात थुंकायला लागलो. घागलाही खुणेने सांगितलं, गिळू नकोस. तर ह्याने ते कानाला विचारलं. मोठ्याने! "साहब, गोली थूकूँ?" पुढे रोज आमची तोंडं उघडून बघायचे. त्याच्यावर चिडावं तरी कसं? तो खोटं बोलायचंच विसरला होता.

महिना संपला की नाही, कोण जाणे. एके दिवशी दिवे गेले. एसी बंद पडला. कानातला आवाज वाक्याच्या मध्येच तुटला. बराच वेळ कुणी जागचं हललं नाही. मग मी दाराला धक्का दिला तर ते उघडंच! बाहेर रणरणतं ऊन. डॉक्टर नाही, असिस्टंट नाही, यंत्रं नाहीत. जनरेटरसुद्धा उचलून नेला होता. मंदीत त्यांचंही बजेट आटलं असेल. आम्हाला सांगून जायची मात्र कुणाला गरज वाटली नाही.

चौघे जण बाहेर पडले. घाग हलेना. जून महिना, वर पत्रा. आत नुसती भट्टी पेटली होती.

"घाग, खलास. गेले ते."

"बदली नहीं आई."

"अरे, मी सांगतोय ना!"

"बदली नहीं आई, साहब."

मला साहब म्हणाला. जन्मभर उस्ताद म्हणणारा माणूस. त्याला ओढायला गेलो तर कोपराने माझा दात पाडला. शिव्या घातल्या, त्याच्या लेकीची आण घातली, हातापाया पडलो. दगडाला पाझर फुटेल, पण ह्याला नाही. आणि त्याला घाम यायचा थांबला होता. उन्हात ड्यूटी केलेल्याला ह्याचा अर्थ सांगावा लागत नाही. आणखी थोडा वेळ गेला असता तर माणूस उभ्या उभ्या गेला असता.

तेव्हा डोक्यात आलं. बाहेर गेलो, शर्ट खोचला. आमच्यातल्या राणेला म्हटलं, तू नवा संतरी, चल. पाय आपटत दोघे आत आलो. पोटातून आवाज काढला.

"नया संतरी, पुराना संतरी, चार्ज बदली कर!"

घागचे डोळे हलले. त्याने टाचा जुळवल्या आणि राणेला चार्ज दिला. "एक दरवाजा, एक बत्ती, एक कुर्सी. सब ठीक है."

"लाइन तोड!"

तो चालत बाहेर आला आणि वाळूत कोसळला.

एका पिकअपवाल्या पठाणाने हॉस्पिटलात पोचवलं. घाग वाचला. गोदाम म्हणताच कंपनीने कानांवर हात ठेवले. पासपोर्ट मात्र लगेच काढून दिले. आम्ही त्यांच्या घशात अडकलो होतो ना!

घागला मीच गावी नेलं. वहिनींनी पाट मांडला, ताट वाढलं. हा ताटासमोर बसून राहिला, दोन बोटं कानावर.

"वहिनी, त्याला ऑर्डर द्यावी लागते," म्हणालो आणि देऊन दाखवली. "जवान, खाना खा." त्याने झटकन घास घेतला. वहिनींच्या तोंडाकडे बघवेना. तरी मी त्यांना एकेक ऑर्डर शिकवायला लागलो. उठ, बैठ, सो जा.

"पुरे, भावजी," त्या म्हणाल्या. "मी नाही हे बोलायची."

"मग तो उपाशी मरेल."

"पेज भरवीन चमच्याने. लहान पोराला भरवतात तशी. पण हुकूम सोडणार नाही. रोज ताट वाढीन आणि समोर बसेन. त्यांच्या मनात येईल तेव्हा खातील. बघू कोण आधी दमतं."

मी चिडलो, भांडलो. बाई ऐकेना. पोटासाठी मी पुन्हा दुबई गाठली. दर शुक्रवारी फोन करायचो. काय म्हणतो? काही नाही. आज? काही नाही, भावजी.

घाग पुढे दोन वर्षं जगला. त्या उन्हाने किडन्या गेल्या होत्या, त्यातच संपला. त्याचं नाव कुठल्याही स्मारकावर नाही, कारण लढाई झालीच नाही म्हणतात. त्याची आठवण निघते तेव्हा मला गोदाम आठवत नाही. एका शुक्रवारी मी फोन करायच्या आधीच वहिनींचा फोन आला होता, तो आठवतो. त्या रडत होत्या. मला वाटलं, गेला.

"काय झालं, वहिनी?"

"ताट वाढलं होतं. मी समोर बसले होते. ह्यांनी ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाले, तू जेवलीस का?"

"मग?"

"मी म्हटलं, नाही अजून. तर ताट माझ्याकडे सरकवलं त्यांनी."