दाताने सोललेली वायर

वायर सोलायला ब्लेड असतं, पक्कड असते. माझं हत्यार मात्र दात. चौक गावाजवळच्या आमच्या खेड्यात आम्ही दोघा भावांनी केबल टीव्हीचा धंदा सुरू केला, तेव्हापासूनची ही खोड. काळी वायर तोंडात धरायची, करकचून चावा घेऊन ओढायची, की वरचं आवरण सुटलंच. दादाला ते बघवायचं नाही. खांबाखालून विचारायचा, अरं, वायर हाय का ऊस? मी वरून हसायचो.

दादाचं काम म्हणजे नुसता वैताग. ब्लेडने गोल चीर देणार. आतली तारांची जाळी हलक्या हाताने मागे दुमडणार. मधली तांब्याची तार नखाएवढी मोकळी ठेवणार, मग कनेक्टर चढवून पक्कडीने दाबणार. जाळीचा एक केस जरी तांब्याला टेकला तरी चित्र गेलं, हे त्याने मला हजारदा सांगितलं असेल. शिवाय खाली पडलेले तुकडेही गोळा करून हत्यारांच्या पिशवीत टाकणार, लोकांच्या अंगणात आपला कचरा नको म्हणून. त्याची एक जोडणी होईस्तोवर माझ्या तीन व्हायच्या, आणि मला त्याचा अभिमान होता. कसला डोंबलाचा अभिमान!

एका रविवारी क्रिकेटची फायनल होती. देवळाच्या सभामंडपात मोठा टीव्ही लावलेला, अख्खं गाव जमलेलं. शेवटची काही षटकं उरली असताना चित्राचे चौकोन चौकोन पडायला लागले आणि मग पडदा काळा. झालं, सगळे माझ्यावर तुटून पडले. धंदा जमत नसेल तर बंद कर, इथपर्यंत गेले. माझं डोकं मुळातच तापट. दादा शेजारीच उभा होता. मी सगळ्यांच्या देखत त्याच्याकडे बोट दाखवलं.

“ही याची जोडणी हाय. सांगून सांगून थकलो, याला काम जमत नाय.”

ती जोडणी कुणी केली होती, खरंच मला आठवत नव्हतं. आठवायचा प्रयत्नही केला नाही. दादा समोर सापडला, त्याच्यावर ढकलून मोकळा झालो.

दादाने पिशवी खांद्याला अडकवली. शिडी लावून खांबावर चढला, जुना कनेक्टर वायरीसकट कापला, नवा बसवला. चित्र आलं. लोक मॅचमध्ये रंगले आणि मीही त्यांच्यात जाऊन बसलो. दादा कधी खाली उतरला, कधी घरी गेला, मी पाहिलंसुद्धा नाही.

त्यानंतर गावात रीतच पडली. तक्रारीचा फोन केला की लोक पुढे जोडायचे, थोरल्याला नको पाठवू, तूच ये. मीही हसून बरं म्हणायचो. कुठल्या तोंडाने हसत होतो, देव जाणे. चार-पाच महिन्यांनी दादाने रसायनीच्या एका कारखान्यात नोकरी धरली, महिनाभर घरूनच ये-जा केली आणि मग बिऱ्हाड तिकडे हलवलं. मला म्हणाला, आता खांबावर चढवत नाही. मी ते मानलं, कारण मानायला सोयीचं होतं. पुढे सणावारी भेटी व्हायच्या, हसणं-बोलणं व्हायचं. धंद्याचा विषय मात्र तो काढायचा नाही, मीही नाही.

गेल्या वर्षी आमच्याकडे घरोघर फायबर आलं. जुन्या वायरी उतरवायचं काम माझ्यावरच पडलं. माझी पक्कड तुटली म्हणून दादा जाताना माळ्यावर ठेवून गेलेली त्याची हत्यारांची पिशवी काढली. तळाशी तुकडे साठलेले होते. त्यात एक वीतभर वायर, टोकाला कनेक्टर, आणि वर चिकटपट्टीवर लिहिलेलं, ‘देऊळ’. कुठली वायर कुठे जाते ते कळावं म्हणून आम्ही अशा पट्ट्या लावायचो. देवळाची वायर त्या रविवारी एकदाच कापली होती, नंतर कधीच नाही. मी कनेक्टर उपटून पाहिला. जाळीचे दोन केस तांब्याला चिकटलेले, आणि काळ्या आवरणावर दातांचे वण. दादाने जन्मात कधी वायर दाताला लावली नव्हती.

खांबावर चढल्या चढल्या त्याला कळलं असणार. काम तसंच टाकून गाडी काढली आणि रसायनी गाठली. दादा ओट्यावर बसला होता. मी तुकडा त्याच्यासमोर ठेवला. त्याने चष्मा लावून पाहिला आणि बाजूला सारला. मी भडाभडा बोलत सुटलो. चुकलो म्हणालो, देवळात सगळ्यांसमोर कबूल करतो म्हणालो, परत ये, फायबरचं काम दोघं मिळून करू म्हणालो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि आता नको म्हणाला. न रागावता म्हणाला, त्याचंच जास्त लागलं.

“दादा, मग तवाच का नाय बोललास?”

“गावासमोर तुझी लाज काढून मला काय मिळणार व्हतं? म्हटलं, घरी येशील, इचारशील, वर काय निघालं म्हणून. लय दिवस वाट बघितली रं. नोकरीच्या पयल्या दिवशी बूट घालताना बी वाटलं, आता तरी इचारशील.”

त्या दिवशी सकाळी मी दारातच उभा होतो. त्याच्या हातात डबा मीच दिला होता, आणि लवकर निघ, गाडी चुकेल, एवढंच बोललो होतो.