कायमचा पत्ता: तीन नंबर

दोन वर्षांपूर्वी, पौषातल्या पहिल्या सोमवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता, रत्नागिरीतल्या तीन नंबर बिल्डिंगच्या पाचव्या माळ्यावर वत्सलामावशीच्या दाराला सरकारी कुलूप लागलं. अन्याय झाला तो तिच्यावर आणि तिच्यासारख्या आणखी बत्तीस घरांवर. वेळ मला नक्की माहीत आहे, कारण कुलूप लावणाऱ्यानं मनगटावरचं घड्याळ बघून ती वहीत लिहिली आणि खाली मावशीची सही घेतली. आपल्याला आपल्याच घरातून काढलं, याची पोच तिनंच द्यायची!

सही करून ती पाच जिने उतरून खाली आली. खांद्यावर नायलॉनच्या दोरीचं वेटोळं, हातात वेताची टोपली. ट्रंक आणि गादी आमच्या सामानाबरोबर टेम्पोत आधीच चढली होती. टेम्पोवाल्यानं सहज विचारलं, "मावशी, तुम्हाला कुठं सोडू? गावाला?"

सगळी बिल्डिंग आवारात उभी होती. मावशीनं पदर सारखा केला. "हो तर. गावालाच. एवढं मोठं घर पडलंय तिकडं, कुणीतरी बघायला नको?"

माझे बाबा मध्ये पडले. "वैनी, एवढ्या उन्हाच्या कुठं निघता? आमच्या नव्या खोलीवर चला. चहा घ्या, मग जा."

त्या चहाला दोन वर्षं झाली. मावशी अजून कुवारबावला आई-बाबांच्या भाड्याच्या दोन खोल्यांतच आहे. मी त्याच दुपारी एक बॅग घेऊन पुण्याच्या एसटीत बसले. नोकरी लागली होती म्हणून गेले, असं मी सगळ्यांना सांगते. ते खरंच आहे. पण परत यायला घर उरलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

ज्यांनी तीन नंबर पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. मांडवीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, जांभ्याच्या भिंती आणि कौलं असलेल्या घरांच्या मधोमध, पाच माळ्यांची ही एकटीच सिमेंटची इमारत उभी होती. कमी पगाराच्या माणसांना भाड्यानं घरं मिळावीत म्हणून आजोबांच्या काळात सरकारनं ती बांधली. एक नंबर आणि दोन नंबर कुठं आहेत, असं पाहुणे विचारायचे. त्या बांधल्याच नव्हत्या. सरळ तीनपासून सुरुवात केली होती, आणि तिथंच संपवली होती.

एका माळ्यावर आठ दारं, समोर लांब गॅलरी. लिफ्ट नाही. सकाळी सहाला पंप सुरू झाला की पाणी चौथ्या माळ्यापर्यंत चढायचं आणि तिथं दमायचं, मग पाचव्या माळ्याच्या बायका हंडे घेऊन खाली. लाड करून सांगायचं कारण नाही. संडासाचा पाइप दर वर्षी फुटायचा, छताचे पोपडे आमटीत पडायचे. पण मासेवाली फाटकात येऊन ओरडली की पाच माळ्यांवरून टोपल्या खाली सुटायच्या, आणि त्यात सगळ्यात लांब दोरी वत्सलामावशीची. बांगडे वर चढताना मधल्या माळ्यांवरच्या बायका कठड्यातून हात घालून टोपलीत डोकावायच्या. "वत्सले, आज चार आणलेस? कोण जावई येतोय?" मावशी वरून खेकसायची, "मेल्यांनो, बघा, पण हात लावू नका!"

तिला जावई नव्हता. मूल नव्हतं. नवरा मी जन्मायच्या आधीच गेलेला. आंब्याच्या हंगामात ती कारखान्यात आमरस काढायला जायची, एरवी दोन घरचा स्वयंपाक करायची. आणि तिला गाव होतं. गुहागर तालुक्यात, आठ खणांचं घर, पुढं-मागं पडवी, दारात तुळस. हे घर आम्हा पोरांना इतकं पाठ होतं की चित्र काढून दाखवलं असतं.

आता ज्या सर्व्हेत घरं गेली, तो. त्या वर्षी वैशाखात गृहनिर्माण खात्याचा एक तरुण कारकून आला. बिल्डिंग धोकादायक झाली आहे, पाडून नवी बांधणार, जुन्या भाडेकरूंना त्यात घरं देणार, त्यासाठी फॉर्म भरायचे. पोरगा सज्जन होता, घामानं निथळत होता. माझं कॉलेजचं शेवटचं वर्ष, अक्षर बरं. मी म्हटलं, तुम्ही विचारा, मी लिहिते. चाळीस घरांचे चाळीस फॉर्म मी माझ्या हातानं भरले.

त्यात एक रकाना होता. "कायमचा पत्ता (मूळ गाव)". आणि त्याखाली, "तेथे घर आहे काय?"

कोकणातल्या माणसाला हे विचारायचं? वरळीला पस्तिसाव्या मजल्यावर राहणाऱ्यालाही विचारा, तू कुठला? तो गावाचंच नाव सांगेल. त्याचा पस्तिसावा मजला त्यावरून कुणी काढून घेत नाही. आमच्याकडे गाव नाही म्हणणं म्हणजे बाप माहीत नाही म्हणण्यासारखं. तेव्हा एकेक जण खुर्ची ओढून बसला आणि छाती फुगवून घर सांगू लागला. कुणाचं सहा खणांचं, कुणाचं दहा. माझे बाबा म्हणाले, "लिही, वडिलोपार्जित, मागं आगर." त्या घरात बाबांचा आठवा हिस्सा आहे, छप्पर दोन पावसाळ्यांपूर्वीच बसलंय, आणि आगरात एक फणस उभा आहे, त्यावरूनही भांडण आहे. मला हे माहीत होतं. तरी मी लिहिलं: घर आहे.

मार्गशीर्षात यादी लागली. चाळीसपैकी सात पात्र. ते सात जण मुळात परमुलुखातून आलेले, त्यांना इथं गाव सांगता आलं नव्हतं. बाकी तेहतीस अपात्र. कारण: मूळ गावी स्वतःचे घर.

मी त्या कारकुनाला खूप शिव्या घातल्या. खात्याला अजून घालते. माणसाच्या अब्रूला प्रश्न विचारायचा आणि उत्तराला पुरावा म्हणायचं, ही लबाडी आहे, मग ती कुणाच्या ध्यानात आलेली असो वा नसो. पण एक गोष्ट मी दोन वर्षं कुणाला सांगितली नव्हती. ती आता सांगते.

मी नऊ वर्षांची होते. गणपतीत तीन नंबर रिकामी व्हायची, सगळे आपापल्या गावी. त्या वर्षी बाबांना कामावर लवकर हजर व्हायचं होतं म्हणून आम्ही तिसऱ्या दिवशीच परत आलो. मी गच्चीवर निघाले. वत्सलामावशी गावाला गेलेली, दार बंद, खिडकी बंद. पण खिडकीच्या वरच्या फटीतून वाफ येत होती, आणि वाफेला हळदीच्या पानांचा वास होता. मोदक उकडत होते. मी खिडकीवर थाप मारायला हात उचलला, तेवढ्यात मागून आईनं तो धरला. मला जिन्यापर्यंत ओढत नेलं आणि म्हणाली, "दुसऱ्याच्या बंद खिडकीकडे बघायचं नसतं."

पाचव्या दिवशी संध्याकाळी मावशी पिशवी घेऊन हळूच खाली उतरली. तासाभरानं फाटकातून आत आली आणि खालूनच ओरडली, "आले गो बायांनो गावाहून!" मग घरोघरी गावचे मोदक वाटले. गुहागरहून एसटीनं आलेले मोदक, आणि अजून गरम. आईनं एक खाल्ला आणि म्हणाली, "गावच्या नारळाची चवच निराळी."

म्हणजे मला ठाऊक होतं. आईला ठाऊक होतं. मला वाटतं, निम्म्या बिल्डिंगला ठाऊक होतं. आणि त्या वैशाखात मावशी माझ्यासमोर बसून "आठ खण, पुढं-मागं पडवी" सांगत होती तेव्हा मी मान खाली घालून आठ खण लिहिले. मला वाढवलं होतं त्या रीतीप्रमाणे. बंद खिडकीकडे बघितलं नाही. त्या सभ्यतेनं तिचं घर गेलं.

पुण्यात मी अकराव्या मजल्यावर तिघींबरोबर राहते. लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे, बांगडे ॲपवरून साफ होऊन डब्यात येतात आणि डब्यात कुणी डोकावत नाही. मी घरकामगार बायकांच्या संघटनेत काम करते, पत्रकं लिहिते, नोंदणीचे फॉर्म भरून देते. आता प्रत्येक रकाना मी दोनदा वाचते, आणि बाईला विचारते, हे तुमच्याविरुद्ध कुठं वापरतील? हे शिकायची माझी फी वत्सलामावशीनं भरली आहे.

म्हणून आम्ही संघटनेतले काही जण खात्याच्या मागे लागलो. अर्ज केले, पायरीवर बसलो, पुन्हा अर्ज केले. शेवटी यंदा साहेबांनी मान्य केलं. फॉर्मवरचा जबाब बदलता येईल. अट अशी, की ज्याचा जबाब त्यानंच समक्ष यायचं, गावी घर नाही असं लेखी द्यायचं, आणि सोबत ग्रामपंचायतीचा दाखला आणायचा.

मी नाचत कुवारबावला गेले. मावशी म्हणाली, "मी नाय येणार."

"का?"

"सत्तरी उलटली माझी. आता चारचौघांत सांगू, मला गाव नाय म्हणून? त्यापेक्षा तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात मरेन."

आई भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. मग मी बोलले. हळदीच्या पानांची वाफ, पिशवी, गरम मोदक, सगळं. भाकरी तव्यावर करपली तरी आई हलली नाही.

"तुला कळलं होतं?" मावशी म्हणाली. "नऊ वर्षांच्या कारटीला?" मग आईकडे वळली. "आणि तुला गो?"

आई पुटपुटली, "मोदक चांगले होते हो."

"अगो, मग सांगायचं नाय? दर वर्षी खिडकी लावून पाच दिवस घामानं मेले मी आत!"

आणि ती हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग शांतपणे सांगितलं, नवरा गेल्यावर दिरांनी तिला पडवीतही राहू दिलं नव्हतं. बेचाळीस वर्षं तिनं त्या गावात पाऊल ठेवलेलं नाही. दाखला मी आणायला गेले तेव्हा ते घर पाहिलं. आठ खणांचंच आहे. दारात तुळसही आहे. तिचं नाव कुठंही नाही.

खात्यात टेबलामागं तोच कारकून होता. नवा फॉर्म पुढं घेऊन त्यानं विचारलं, "आजी, मूळ गाव?"

मावशी खणखणीत म्हणाली, "तीन नंबर."

"ते गाव नाही, आजी. ती बिल्डिंग आहे."

"चाळीस वर्षं राहिले मी तिथं. पाणी भरलं, माणसं पोचवली, पोरं खेळवली. ह्याला तुमच्यात काय म्हणतात ते तुम्ही लिहा. मी गाव म्हणते."

रांगेतली माणसं बघायला लागली. कारकुनानं माझ्याकडे पाहिलं, फॉर्मकडे पाहिलं, आणि लिहिलं. गेल्या आठवड्यात सुधारित यादी लागली. पात्र: आठ. आठवं नाव तिचं. नव्या बिल्डिंगचा तिसरा स्लॅब पडलाय, आणि मावशीनं ट्रंकेतून ती दोरी काढून उन्हात घातली आहे. तिला पाचवाच माळा पाहिजे.

मला पुण्यात कुणी विचारलं, तू कुठली, की मी पूर्वी गुहागरकडचं एक गाव सांगायचे, जिथं सगळं मिळून महिनाभरही झोपले नसेन. आता सांगते, रत्नागिरीतली, तीन नंबरची. लोक विचारतात, म्हणजे कुठं? मी सांगत बसते. मला आवडतं सांगायला.

उरलेल्या बत्तीस घरांनो, हे तुमच्यासाठी लिहिलं आहे. नालासोपाऱ्याला लेकीच्या हॉलमध्ये झोपणारे तिसऱ्या माळ्याचे मास्तर, कुवेतहून दर महिन्याला आईच्या खोलीचं भाडं पाठवणारे दुसऱ्या माळ्याचे दोघे भाऊ, आणि गावी गेलो म्हणून सांगून शेजारच्या गल्लीत राहणारे तुम्ही सगळे. तुम्ही आला नाहीत, कारण तुम्हाला लाज वाटते. प्रत्येकाला एकट्यानं गाव नाही म्हणायचं होतं, तोवर ती लाज मी समजू शकत होते. आता तुम्ही एकटे नाही, मावशी तुमच्याआधी जाऊन आली आहे.

मुदत या महिनाअखेरपर्यंत आहे. ग्रामपंचायतीचा दाखला काढा, खात्यात समक्ष जा, आणि मूळ गावाच्या रकान्यात तीन नंबर लिहा. सोबत हवी असेल तर मला कळवा, मी रजा काढून येते.

आणि बाबा, तुमचा अर्ज अजून गेलेला नाही. फणस तसाच राहू द्या. उद्या सकाळी चहा घ्या, मग जा. पण जा.