चालकाचा आकडा

आमच्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात तिला सगळे भिंगवाली म्हणतात. डॉक्टरांचं अक्षर वाचायला ती एक जुनं भिंग वापरते आणि ते कुणाच्या हातात देत नाही. मी शेजारच्या टेबलावर कागद स्कॅन करते. अकरा वर्षं आम्ही दोघी एकाच टेबलफॅनच्या वाऱ्यात बसतो, आणि त्याचं तोंड कुणाकडे असावं यावरून आठवड्यातून एकदा तरी आमचं वाजतं.

पेशंट घरी गेला की त्याची फाइल तिच्याकडे येते. मोडलेल्या प्रत्येक हाडाला एक ठरलेला आकडा असतो, तो ती घालते. रस्त्यावरच्या अपघाताला आणखी एक आकडा लागतो: माणूस गाडी चालवत होता, नुसता बसला होता, की माहीत नाही. पोलीस, विमावाले, कोर्ट, सगळे आधी तिथेच बोट ठेवतात. आणि नियम असा, की डॉक्टरांनी लिहिलं नाही ते घडलंच नाही. शंका आली तर डॉक्टरांना चिठ्ठी पाठवून विचारायचं. स्वतःची अक्कल चालवायची नाही.

तिचा मोठा भाऊ दुधाची गाडी चालवायचा. चार वर्षांपूर्वी चुकीच्या बाजूने आलेल्या मोटारीने त्याला धडक दिली. त्याला दुसऱ्या हॉस्पिटलात नेलं आणि तिथे त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मोटारीचा मालक, फरशांचा शोरूमवाला, दोन बरगड्या मोडून आमच्याकडे आला. त्याचं नाव तेव्हा भिंगवालीच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. त्याची फाइल तिच्या टेबलावर आली, तेव्हा तीत डॉक्टरांनी एवढंच लिहिलेलं होतं: ‘गाडीत होता.’ त्या महिन्यात साहेबांनी फर्मान काढलं होतं, फायली तुंबल्यात, चिठ्ठ्या बंद. दादाच्या उशाशी रात्रभर बसून आलेल्या भिंगवालीने ‘माहीत नाही’चा आकडा घातला आणि पुढची फाइल उघडली.

कोर्टात शोरूमवाल्याच्या पगारी ड्रायव्हरने सगळं अंगावर घेतलं. दादा कुबडी आपटून सांगत होता, “काचेमागे याचंच तोंड होतं!” वकिलाने आमचा कागद वर धरला. हॉस्पिटलसुद्धा म्हणत नाही की हे चालवत होते, म्हणाला. शोरूमवाला सुटला. मागच्या बाकावर बसलेल्या भिंगवालीने तो कागद ओळखला. त्यावरचा आकडा तिनेच घातलेला होता.

हे तिने दादाला सांगितलं नाही. मला सांगितलं, दात-ओठ खात. तेव्हापासून रोज सकाळी चहाच्या आधी ती दाखल पेशंटांची यादी वाचायची.

“त्याला परत अपघात व्हावा म्हणून वाट बघतेस?” मी एकदा विचारलं.

“हो,” ती म्हणाली. “तशी गाडी चालवणारा परत येतोच.”

आला. मागच्या महिन्यात त्याच्या नव्या मोटारीने एका शिक्षिकेची स्कूटर मागून उडवली. तिच्या हाताच्या हाडाचे दोन तुकडे झाले, ती वरच्या वॉर्डात होती. हा खांदा निखळून आला आणि चार दिवसांनी घरी गेला. पोलिसांना सांगितलं, भाचा चालवत होता. भाच्याच्या अंगावर ओरखडाही नव्हता. फाइल उघडली तर डॉक्टरांचं तेच: ‘गाडीत होता.’

नातेवाइकांच्या फायलींना हात लावायचा नाही असा आमच्याकडे नियम आहे. वैऱ्याच्या फायलींबद्दल कुणी काही लिहून ठेवलेलं नाही.

“घाल की चालकाचा आकडा,” मी म्हटलं. “कोण बघतंय!”

“त्याचा वकील बघेल. मला उभी सोलेल आणि हा परत सुटेल. मला तो सुटायला नकोय.” तिने भिंग पुसलं. “डॉक्टरांकडूनच लिहून घेते की नाही बघ.”

नर्सच्या नोंदीत तिला पट्ट्याचा वळ सापडला, उजव्या खांद्यापासून डाव्या कमरेपर्यंत. त्याच्या मोटारीचं स्टिअरिंग उजवीकडे. शेजारी बसला असता तर वळ डाव्या खांद्यावर उठला असता. पण अँब्युलन्सवाल्यांचा पिवळा कागद फाइलमध्ये नव्हता. गडबडीत त्यावर पेशंटचं नाव राहिलं, की तो माझ्या बेवारस कागदांच्या ट्रेमध्ये पडतो, आणि खरं सांगते, त्या ट्रेला मी वर्षातून दोनदा हात लावते. या वेळी दोन दिवस जेवणाची सुट्टी सोडून उपसला. गाडीचा नंबर आणि वेळ जुळली. कागदावर लिहिलं होतं, ‘स्टिअरिंगमागून बाहेर काढला.’ चार वर्षांपूर्वीही असा एक कागद असणार. तो कुठे गेला हे तिने मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मला तोंड लपवायला जागा नव्हती.

चिठ्ठीत डॉक्टरांच्या तोंडी उत्तर घालायचं नसतं. तिने लिहिलं, ‘रुग्ण कोणत्या जागेवर होता? सोबतचे कागद पाहून नोंद करावी.’ आणि ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर स्वतः दोन तास उभी राहिली.

“एवढ्यासाठी वर आलात बाई?” डॉक्टर वैतागले. मग त्यांनी दोन्ही कागद वाचले. “अहो, हाच चालवत होता.”

“तसं लिहा, डॉक्टर. सही आणि वेळही घाला.”

आठवड्याने शोरूमवाला फाइलची प्रत मागायला आमच्या खिडकीशी आला, हात गळ्यातल्या झोळीत, तोंडात साखर. “मागच्या वेळी तुमच्याकडचा कागद फार कामाला आला हो,” म्हणाला. भिंगवाली स्वतः उठली आणि तिने त्याला फाइलची प्रत दिली. वाचता वाचता त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

“हे चुकलंय. चालक नव्हतो मी. पोलिसांकडे जायच्या आधी दुरुस्त करा.”

“पोलीस सकाळीच घेऊन गेले.”

“कुणाचा उद्योग हा? तुम्ही कोण?”

“दुधाच्या गाडीवाल्याची बहीण,” ती म्हणाली. “पाय गेला ना ज्याचा, त्याची.”

त्याने प्रत खिशात कोंबली. मला इतका आनंद झाला की लाज वाटायला हवी होती, वाटली नाही.

तो गेल्यावर तिने तिथूनच दादाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडून दादाचं हसू मला ऐकू येत होतं. मग, मी नको नको अशी मान हलवत असताना, तिने तेही सांगून टाकलं: “मागच्या वेळी ‘माहीत नाही’ लिहिणारी मीच.”

हसू थांबलं. “कधीपासून माहीत आहे तुला?”

“कोर्टातल्या त्या दिवसापासून.”

फोन बंद झाला. आज सतरा दिवस झाले, दादा तिच्याशी बोललेला नाही. ती रोज संध्याकाळी त्याच्या दाराशी जाते, वहिनी आतून सांगते, “झोपलेत.” शोरूमवाल्यावर गुन्हा दाखल झाला, ती बातमीही वहिनीच्याच हाती आत पाठवावी लागली.

“किती दिवस धरून बसणार तो?” मी काल चिडून म्हटलं.

“बसू दे,” ती पुढची फाइल ओढत म्हणाली. “माझाच भाऊ आहे. आमच्या घरात कुणाला सोडून देता येत नाही.”