गादी आणि खापर

३ फेब्रुवारी २०१९, सकाळी सव्वासात. मी चाळीसगावहून धुळ्याच्या गाडीत बसलो. डबा जुना होता आणि त्याच्या पोटाखालीच डिझेल इंजिन होते. बांधणी दणकट, पत्रा कुठेही पिचला नव्हता. बाक मात्र कडक आणि हादरे थेट मणक्यात, म्हणून मी घरची गादी नेत असे.

शेजारी एक प्रौढ बाई बसली. तिच्या मांडीवर जुन्या लुगड्यात गुंडाळलेले, काजळलेले मातीचे खापर होते, मांडे भाजायचे पालथे भांडे. तिने सांगितले, तिची लेक उद्या सासरी प्रथमच मांडे करणार होती आणि लेकीचा हात याच खापरावर बसला होता. गाडी सुटताच डबा थरथरला. बाईने माझ्या गादीकडे पाहिले.

“आबा, तुम्हनी गादी द्या ना. तुम्ही काय फुटतस का?”

सारा डबा हसला. मी गादी दिली आणि तिने ती खापराखाली घातली. पुढे प्रत्येक धक्क्याला ती एका हाताने खापर धरी आणि दुसऱ्याने माझा दंड.

“गाडी फार हादरते,” मी म्हणालो.

“हादरू द्या, आबा. कोनले एकलं बसू देत नही.”

धुळ्याला उतरण्यापूर्वी तिने गुंडाळी सोडून खापरावर टिचकी मारली. आवाज खणखणीत आला. समोरच्या बाकाने टाळ्या वाजवल्या. तिने गादी परत केली, पण माझे नाव विचारले नाही. मीही तिचे विचारले नाही.

परतीच्या गाडीत शेजारची जागा रिकामी होती. गादी असूनही हादरे अधिक जाणवले. घरी येऊन मी अभ्र्यावरची काजळी साबणाने घासली आणि तो दोरीवर वाळत घातला.