शकुंतलाबाई आणि मालवणचा तळ

शकुंतलाबाई खुर्चीवर बसल्या आहेत, असे मी पालमच्या आमच्या शाळेत क्वचितच पाहिले. इतिहासाचा तास उभ्याने, डबाही खिडकीशी उभ्याने, आणि एसटीत जागा रिकामी असली तरी दांड्याला धरून दाराशी. बसायचा आग्रह केला की म्हणत, "बसले की अंग जड पडतंय."

शिक्षकांची सहल मालवणला न्यायचे ठरले आणि त्यांची चुळबुळ फारच वाढली. एका मधल्या सुट्टीत त्यांनी मला कारण सांगितले. जिंतूरकडच्या त्यांच्या गावी मुले विहिरीत सूर मारीत. तळाचा गाळ मुठीत आणून दाखवल्याखेरीज कुणाचे पोहणे खरे मानले जात नसे. बाई तो नेहमी आणीत. लग्नानंतर सासरी पाण्यात उतरणे बंद झाले, ते कायमचेच. आता उन्हाळ्यात निवृत्ती, मग पुण्याला मुलाकडे. "त्याच्या आधी एकदा बघायचंय, वंदना. मला अजून तळ गाठता येतोय का."

मालवणला पोचल्यावर आम्ही आधी जवळच्या सड्यावरची, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावरची, कातळशिल्पे पाहिली. हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी दगडात कोरलेली माणसे, मासे. मुख्याध्यापकांनी बाईंना चार शब्द बोलायला सांगितले. त्यांनी एका माशाभोवती फेरी मारली, "ह्यानं कोरताना कुणाला विचारलं नसंल," एवढेच म्हटले आणि समुद्र कोणत्या बाजूला आहे ते मला विचारले.

दुसऱ्या दिवशी होडीतून स्कूबाला गेलो. पाठीवर टाकी, तोंडात नळी. पण सोबतचा प्रशिक्षक पाण्याखाली त्यांचा पट्टा क्षणभरही सोडीना. बाई वर आल्या त्या रागावूनच. "पोरानं मला पिशवीवानी धरून फिरवलं. हे काय पवणं हाय?" व्हिडिओ छान आल्याचे सांगून त्याने त्यांची समजूत घातली.

पुढच्या जोडीला टाक्या बांधण्यात सारे गुंतले असताना बाईंनी आपला चष्मा माझ्या हाती दिला, "वरडू नको" म्हणाल्या, आणि दुसऱ्या बाजूने पाण्यात शिरल्या. पाठीवर काहीही नव्हते.

होडीवाल्याने काकू खंय गेली म्हणून विचारले. मी पाण्याकडे बोट दाखवले. मला पोहता येत नाही. मी उभी राहिले, बसले, पुन्हा उभी राहिले. होडी डुलू लागली तसे सगळे माझ्यावरच ओरडले. प्रशिक्षकाने घाईघाईने मास्क चढवला. तो उडी घेणार एवढ्यात, आम्ही पाहत नव्हतो त्या अंगाला डोके वर आले.

एका हाताने त्यांनी होडीची कड धरली. होडीवाला मालवणीत रागावला, मुख्याध्यापक शुद्ध मराठीत. धापा टाकीत बाईंनी दोघांचेही ऐकून घेतले आणि दुसरी मूठ माझ्यासमोर उघडली. ओली, करडी वाळू होती.

"बघितलंस ना तू?"

"बघितलं, बाई."

आता त्या पुण्यात असतात. परवा त्यांचा फोन आला. सोसायटीत पोहण्याचा तलाव आहे म्हणाल्या, मुलाने पासही काढून दिला आहे. "पण छातीएवढंच पाणी गं. उभं राहिलं की तळ आपला पायालाच लागतोय. काय करावं मी हितं?"

मी खुर्चीवरून उठून खिडकीशी उभी राहिले, आणि त्या फोन ठेवीनात.