केशरी पुढं

अण्णा गेल्याचं कळलं तेव्हा मी ट्रेसिंग क्लॉथवर, ड्रॉइंग उतरवायच्या पारदर्शक कापडावर, एक लांब रेघ ओढत होते. विमान कारखान्याच्या आमच्या ड्रॉइंग ऑफिसात शिस्त अशी, की रेघ सुरू केली की मध्येच मान वर करायची नाही. पेंट शॉपमधले म्हातारे मुनिस्वामी टोपी हातात घेऊन माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिलेले मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होते. तरी मी रेघ पुरी केली, पेन पुसलं आणि मग वर बघितलं. "अण्णा होगबिट्रु," ते म्हणाले. अण्णा गेले. मुनिस्वामींना मराठी येत नाही आणि मला कानडी जेमतेम, पण एवढं कळायला भाषा लागत नाही. त्यानंतरची रेघ चुकली. ब्लेडने खरवडून पुन्हा ओढली, पुन्हा चुकली. शेवटी साहेबांना डोकं दुखतंय असं सांगून अण्णांच्या घरी जायला अलसूरची बस धरली.

या गोष्टीला महिना होऊन गेला. लोक म्हणतात, हळूहळू बरं वाटतं. मला नुसता शीण आला आहे. सकाळी उठल्यापासून वाटतं की कालचं काहीतरी काम अजून उरलंय. तसं ते उरलं होतंच. अण्णांना एक गोष्ट सांगायची होती, आज सांगू, उद्या सांगू करत मी दीड वर्ष काढलं, आणि ते तोवर थांबले नाहीत. थांबायचा त्यांचा स्वभावही नव्हता म्हणा.

अण्णा म्हणजे मालोजीराव. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं, आनेकलकडे थोडी शेती, आणि बोलणं असं की निम्मी मराठी, निम्मी कानडी. मी लग्न होऊन पुण्याहून बंगळूरला आले तेव्हा त्यांची मराठी ऐकून मला हसू यायचं, आणि माझी ऐकून ते कपाळाला हात लावायचे. "तू बोलाय लागलीस की साळंत बसल्यागत वाटतंय बघ," म्हणायचे. कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये ते खऱ्या विमानांवर हवाई दलाची तिरंगी गोल चक्रं, पट्टे आणि नंबर रंगवत. पंखावरच्या अक्षरांची उंची ड्रॉइंगमध्ये नीट वाचता येत नाही, अशी तक्रार घेऊन ते पहिल्यांदा आमच्या ऑफिसात आले. ते ड्रॉइंग मीच ट्रेस केलं होतं. मी भांडायच्या तयारीत होते. त्यांनी माझ्या टेबलावरचं दुसरं ट्रेसिंग उचललं, बारीक आकडे डोळ्यांजवळ नेऊन पाहिले आणि तक्रार विसरूनच गेले. "तंगी, रविवारी घरी ऊटाला ये. नवऱ्यालापण आण," म्हणाले. ऊट म्हणजे जेवण, तंगी म्हणजे धाकटी बहीण. तेव्हापासून मी तंगी झाले ती झालेच.

त्यांच्या घरी पुढच्या पडवीत, खिडकीखाली, एक टेबल होतं. दिवसभर खरी विमानं रंगवून हा माणूस घरी येऊन पुन्हा विमानंच करायचा, फुटाला पाव इंच या मापाने. चन्नपट्टणला खेळण्यांसाठी वापरतात ते पांढरं, मऊ लाकूड आणून कोरायचं, घासायचं, रंगवायचं. पत्र्यावरचे रिव्हेट दाखवायला जुन्या घड्याळाचं दातेरी चाक पट्टीच्या कडेने फिरवायचं, की ठिपक्यांची बारीक ओळ उमटते. तोफांच्या तोंडाशी धूर बसलेला दाखवायला यमुनाक्कांच्या डबीतलं काजळ. जुन्या पंख्याच्या विमानाला एरियलची तार हवी, तर अक्कांच्या वेणीतला एक लांब केस. अक्का त्यांच्या पत्नी. "माझ्या डोस्क्यावर आता काय ऱ्हायलंय, सगळं ह्यांच्या इमानाला लागलं," असं म्हणत त्याच स्वतः केस उपटून देत. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला वाटलं, या वयात हा कसला पोरखेळ! मग त्यांनी एक विमान माझ्या तळहातावर ठेवलं. दाराच्या कडेचा रंग पायाने घासून उडालेला, चाकांच्या घरात वंगणाचा ओघळ.

दर रविवारी जाऊ लागले. माझ्याकडे बारीक आकडे आले आणि पुढे चक्रंही. कंपासला रेघेचं पेन लावून ती काढायची. अण्णांनी शिकवलेल्या दोन गोष्टी. एक, शेपटीवरच्या तिरंगी पट्ट्यात केशरी पुढं, म्हणजे नाकाच्या बाजूला, मग पांढरा, मग हिरवा. विमानाचं नाक डावीकडे असताना डावीकडून केशरी-पांढरा-हिरवा हा क्रम आपसूक बरोबर येतो. पलीकडच्या अंगाला नाक उजवीकडे जातं, तिथे क्रम फिरवावा लागतो. दुसरी गोष्ट, कुठलंही विमान हातात घेतलं की उजवी बाजू आधी बघायची. "डावी समदेच नीट करत्यात," ते म्हणत. आणि आम्ही दोघांनी कितीही जीव ओतला तरी शेवटी खिडकीकडे धरून, उजवीकडून बघून, त्यांचा शेरा ठरलेला: "स्वल्प बाकी हाय." थोडं राहिलंय. कानडीत बरोबर असलं, पुरं झालं की 'सरी' म्हणतात. दुकानदार म्हणतो, शेजारीण म्हणते. अण्णांच्या तोंडून तो शब्द कुठल्याही विमानाबद्दल मी ऐकला नाही. मला त्याचा राग यायचा. एकदा तरी म्हणा, असं वाटायचं. मागून घ्यायला मात्र अभिमान आडवा यायचा.

मल्लेश्वरमच्या लीलाताई आल्या त्या अशाच एका रविवारी. त्यांचे यजमान नागपूरकडून सरकारी कारखान्यात बदलून आलेले इंजिनिअर. एकुलता मुलगा, अजित, हवाई दलात वैमानिक होता. सरावाच्या उड्डाणात धुक्यात विमान डोंगराला लागलं. त्याला वर्ष होत आलं होतं. कुणीतरी अण्णांचं नाव सांगितलं म्हणून त्या फोटो घेऊन आल्या. विमानाच्या शिडीवर एक पाय ठेवून हसणारा तो. "ह्याचं विमान करून द्या," म्हणाल्या. अण्णांनी फोटो बराच वेळ पाहिला. नंबरचा शेवटचा आकडा मुलाच्या खांद्याआड गेला होता, तीन की आठ ते कळत नव्हतं. मग लीलाताई जरा चाचरत म्हणाल्या, "आणि कॉकपिटच्या खाली त्याचं नाव घालाल ना?"

"खऱ्या इमानावर नाव हुतं?" अण्णांनी विचारलं.

"नव्हतं. पण मला हवंय हो."

"मग कसं लिहू अम्मा? तुमच्या पोराचं इमान पायजे तुम्हाला, का माझ्या मनातलं?"

त्या माउलीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला अण्णांचा इतका संताप आला की लीलाताईंच्या मागोमाग फाटकापर्यंत गेले आणि म्हटलं, मी घालते नाव, अण्णांना कळू देणार नाही. लीलाताईंनी फाटकाची कडी काढली. मग म्हणाल्या, "नको. ते म्हणतात तसंच होऊ दे." परत आल्यावर मी दिवसभर अण्णांशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, कारण ते पत्र लिहीत बसले होते. तीन की आठ, एवढ्यासाठी त्यांनी ओळखीपाळखीतून किती पत्रं लिहिली देव जाणे. चार-पाच महिन्यांनी अजितच्या विमानाची देखभाल करणाऱ्या मेकॅनिकचं उत्तर आलं. आकडा तीन. शिवाय डाव्या पंखाच्या मुळाशी पत्रा बदलला होता, तिथला हिरवा जरा फिका होता. अण्णांनी तो फिका हिरवा सात वेळा कालवला. लीलाताईंचं त्यांना काही वाटत नाही, असं मी समजत होते. माझंच चुकत होतं.

पण तोवर त्यांचे डोळे गेले होते. मोतीबिंदू. रंग कालवताना ते बाटलीचा वास घेत आणि मला विचारत. शेपटीचे पट्टे माझ्याकडे आले. डावी बाजू एका रविवारी केली, उजवी पुढच्या. आम्हा ट्रेसर लोकांचा हात कसा असतो, समोर जे आहे ते जसंच्या तसं उतरवायचं, स्वतःचं डोकं मध्ये आणायचं नाही. उलटी बाजू हवी असेल तर ट्रेसिंग पालथं घालायचं, बस. त्या दिवशी मी डाव्या बाजूचं ट्रेसिंग समोर ठेवलं आणि पालथं घालायचं विसरले. रेघा सुरेख आल्या. कडा धारदार. अण्णांनी विमान खिडकीकडे धरलं, उजवी बाजू आधी. डोळे बारीक केले, मग नाद सोडला.

"केशरी पुढं?"

"पुढं," मी म्हणाले.

"स्वल्प बाकी हाय," ते हसून म्हणाले, "पण आता मला दिसत न्हाई ते."

विमान मल्लेश्वरमला गेलं. दोन महिन्यांनी कारखान्याच्या मैदानावर एक खरं विमान उजव्या अंगाने उभं असलेलं पाहिलं आणि मागे वळून पुन्हा बघितलं. त्याच्या शेपटीवर केशरी पुढे होता. मी केलेल्या विमानावर हिरवा.

सांगायला हवं होतं. पण आधी त्यांचं ऑपरेशन ठरलं, मग पट्टी, मग जाड भिंगांचा चष्मा, मग छातीचं दुखणं सुरू झालं. दर रविवारी ठरवून जायची आणि कॉफी पिऊन परत यायची. नवरा म्हणायचा, "अगं, एवढासा पट्टा तो!" त्याला कसं सांगणार? ते अण्णांचं शेवटचं विमान होतं. तीन की आठसाठी ज्याने महिने घालवले, त्याच्या हातून मी खोटं विमान बाहेर जाऊ दिलं होतं, आणि विचारल्यावर तोंड वर करून 'पुढं' म्हटलं होतं.

तेराव्यानंतर अक्कांनी मला पडवीत नेलं. टेबल पुसून ठेवलं होतं. त्यांनी सगळ्यात बारीक ब्रश आणि तीन बाटल्या माझ्या हातात दिल्या, केशरी, पांढरी, हिरवी. "बाकीचं ऱ्हाऊ दे हितंच. हे तू ने," म्हणाल्या.

गेल्या रविवारी त्या बाटल्या, ब्रश, ब्लेड आणि शेपटीचं ट्रेसिंग पर्समध्ये घालून मल्लेश्वरमला गेले. विमान त्यांच्या दिवाणखान्यात, काचेच्या कपाटात. मी काही बोलायच्या आत लीलाताईच म्हणाल्या, "अण्णा येऊन गेले होते, ऑपरेशननंतर. नवा चष्मा लावून. तुम्हाला सांगितलंच असेल."

मला कुणीच सांगितलं नव्हतं.

"खिडकीपाशी नेऊन बघितलं. शेपटीकडे इतका वेळ बघत बसले की मला वाटलं, काही बिघडलंय. चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं. मी विचारलं, अजून थोडं बाकी आहे का? तर म्हणाले, सरी हाय. तंगीनं केलंय."

त्यांना दिसलं होतं. नव्या चष्म्यातून आधी दिसलं असेल ते तेच. आणि जो शब्द चौदा वर्षांत एकदाही माझ्या वाट्याला आला नाही, तो त्यांनी माझ्या चुकीला देऊन टाकला, माझ्या माघारी. क्षणभर वाटलं, आता राहू दे हे असंच. ही चूक पुसली तर तो शब्दही जाईल. त्याला तेवढाच एक आधार होता. पण लीलाताई माझ्याकडे बघत होत्या, आणि कपाटाच्या वर, भिंतीवरच्या फोटोत, अजित शिडीवर पाय ठेवून हसत होता. मी सगळं सांगितलं. केशरी कुठे हवा, कुठे आहे, मी काय म्हणाले, अण्णांनी काय लपवलं.

लीलाताई उठल्या, विमान काढून माझ्यासमोर ठेवलं आणि टेबलावर वर्तमानपत्र पसरलं.

"मला त्यांनी नाव घालू दिलं नाही," त्या म्हणाल्या. "खऱ्यावर नव्हतं म्हणून. मी ऐकलं. मग आता हे मी कसं ठेवू? तुम्हाला माफ करायचा त्यांना अधिकार होता. पण विमान अजितचं आहे."

दुपारचं ऊन टेबलावर होतं. मी जुना रंग ब्लेडने हलकेच खरवडला, ऑफिसात चुकलेली रेघ खरवडते तसा. ट्रेसिंग पालथं घातलं. आधी पांढरा, तो सुकेपर्यंत दोघी कॉफी प्यायलो, मग पुढे केशरी, मागे हिरवा.

"झालं?" लीलाताईंनी विचारलं.

मी विमान खिडकीकडे धरलं, उजवी बाजू आधी. पांढऱ्या पट्ट्याची कड वरच्या टोकाला केसभर सुटली होती.

"स्वल्प बाकी आहे," मी म्हणाले.